साखरेच्या मूर्तीवर सुरी

नीति, धर्म व साहित्य यांतील गहन प्रश्नांची चर्चा वाचण्याची ज्यांना संवय आहे, त्या आमच्या वाचकांस वाढदिवसाच्या केकवर आम्ही चार पानें खर्चीं घालीत आहों हें पाहून हंसूं येईल. येवो. तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र हे विषय महाविद्यालयांत तीस वर्षें शिकविल्यावर पांच वर्षांच्या एका मुलानें विचारलेल्या प्रश्नापुढें आम्ही निरुत्तर झालों, आणि तो प्रश्न केकसंबंधींच होता, याला आमचा इलाज नाहीं. उत्तर त्या दिवशीं सुचलें नाहीं. आज आठ महिन्यांनंतरहि पुरतें सुचलें आहे असें नाहीं. परंतु आपण चुकलों कोठें, एवढें मात्र थोडें थोडें दिसूं लागलें आहे.

आमचें मूळ घर माहीमास आहे. मुंबईच्या माहीमास नव्हे. पालघर स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेनें गेलें म्हणजे केळव्याच्या शेजारीं जें लागतें त्या माहीमास. इतिहासाच्या वाचकांस हें नांव राजवाड्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीवरून आठवेल. इतरांनीं तें विड्याच्या पानावरून आठवावें, कारण येथील वाड्यांत नागवेलीची लागवड फार जुनी आहे. आमच्या वडिलांच्या काळीं पानमळ्यांत वहाणा घालून शिरण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. वाडी आतां आमचे धाकटे बंधु पाहतात. त्यांचा मुलगा रोज बोईसरच्या एका कारखान्यांत नोकरीस जातो. आणि त्याची पत्नी, म्हणजे आमची सूनबाई, घरीं केक करते. प्रथम ती हौसेनें करी. आतां बोईसर-तारापूरकडच्या वसाहतींतून मागणी येते, म्हणून रीतसर नोंदणी करून ती विकतेहि.

हे केक म्हणजे आमच्या लहानपणीं इराण्याच्या दुकानांत कांचेच्या बरणींत दिसत तसले केक नव्हेत. हल्लीं केकला विषय असतो. कोणा मुलास आगगाडी हवी असते, कोणास क्रिकेटचें मैदान. नोकरींतून निवृत्त होणाऱ्या गृहस्थास आरामखुर्ची, चष्मा व उलगडलेलें वर्तमानपत्र लागतें. हें सर्व साखरेचें करावयाचें असतें. दळलेली बारीक साखर, ग्लुकोजचा घट्ट पाक, थोडें ग्लिसरिन, थोडा स्निग्ध पदार्थ आणि सर्वांस बांधून ठेवणारें जिलेटिन एकत्र मळून कणकेसारखा जो गोळा होतो त्यास फाँडंट म्हणतात. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघतें हें कळल्या दिवसापासून आमच्या भावजयीनें तें घरांत येऊं दिलेलें नाहीं. त्याऐवजीं समुद्रांतील शेवाळापासून होणारा चायना ग्रास वापरून सूनबाई आपलें काम भागविते. गोळा पोळीसारखा लाटून केकवर पांघरला म्हणजे केकचा खडबडीतपणा झांकतो व वर गुळगुळीत, मऊ दिसणारें अंग येतें. मूर्ति करावयाची असेल तर त्याच गोळ्यांत आणखी एक भुकटी मिसळतात; तिच्यामुळें तो सुकल्यावर कडक होतो.

फाँडंट हा शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘विरघळणारें’ असा आहे. माहीमच्या श्रावणांत तो अक्षरशः खरा ठरतो. साखर हवेंतलें पाणी ओढून घेते. समुद्र हांकेच्या अंतरावर असला आणि आभाळ महिनाभर उघडलें नसलें म्हणजे साखरेच्या मूर्तींना घाम फुटतो. शीतकपाटांत ठेवाव्या तर बाहेर काढतांच त्यांवर दंव धरतें आणि रंग ओघळतात. आपल्या आज्या हें जाणून होत्या. संक्रांतीच्या हलव्याचा दाणा मंद आंचेवर पाक थेंब थेंब घालून तासन्‌तास हालवावा तेव्हां कोठें त्यावर कांटा येतो. आणि ते दागिने पौष-माघाच्या कोरड्या हवेंत करावयाचे असतात, आषाढांत कोणी तो उद्योग मांडीत नाहीं. मुलांचे वाढदिवस मात्र बारा महिने येतात. आमच्या बंडूचा श्रावणांत येतो.

बंडूला त्या वर्षीं केकवर मोत्या हवा होता. मोत्या हा वाडींतला पिंवळट रंगाचा गांवठी कुत्रा. त्याचा डावा कान अर्धा मोडलेला आहे. सूनबाईनें दोन रात्री जागून तो केला. पहिल्या रात्रीं केलेले पाय दमट हवेनें वांकले, म्हणून दुसऱ्या रात्रीं आंत बारीक काड्या घालून नवे केले व पहांटेपर्यंत पंख्याखालीं ठेवले. डावा कान मोडला. शेवटीं डोळे काढले. तें काम आम्हीं जवळ बसून पाहिलें. दोन काळे ठिपके दिले तोंपर्यंत ती साखरच होती; मग तिनें टांचणीच्या अग्रानें प्रत्येक काळ्या ठिपक्यावर एक पांढरा कण ठेवला, आणि कुत्रा आमच्याकडे पाहूं लागला. चित्रकारांस हा प्रकार ठाऊकच असेल. आम्हांला नवा होता. बंडू सकाळीं उठून स्वयंपाकघरांत आला तेव्हां त्याची आई म्हणाली, “बघ, तुझा मोत्या आला.” दिवसभर जो जो घरांत आला त्यानें त्यानें हेंच म्हटलें. अगदीं मोत्याच! आम्हींहि म्हटलें.

संध्याकाळीं ओटीवर वीस-पंचवीस माणसें जमलीं. ओवाळणें झालें, मेणबत्त्याहि फुंकून झाल्या. (दिवा लावून आयुष्य चिंतावें कीं दिवा विझवून टाळ्या वाजवाव्या, या वादावर मराठींत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. आमच्या घरीं दोन्ही होतें व त्यामुळें कोणाचें वाईट झाल्याचें आढळलेलें नाहीं. म्हणून त्या वादांत आम्ही शिरत नाहीं.) बंडूच्या हातीं सुरी दिली. तो ती धरून उभा राहिला. कापीना. आई म्हणाली, आजी म्हणाली, पोरें ओरडूं लागलीं. शेवटीं तो हळूच म्हणाला, “मोत्याला लागेल.”

ओटीभर हंशा पिकला. ज्याला लागावयाचें तो मोत्या त्या वेळीं टेबलाखालीं बसून एखादा तुकडा कधीं पडतो याची वाट पाहत होता. घरांत वडील आम्ही, आणि तर्क शिकविणें हा आमचा धंदा. तेव्हां समजूत घालण्याचें काम आम्हींच पत्करिलें. “अरे, मोत्या खालीं आहे. ही नुसती साखर आहे. साखरेला कधीं लागतें कां?” बंडूनें टेबलाखालीं पाहिलें, केककडे पाहिलें, आणि म्हणाला, “साखर आहे.” म्हणजे साध्य त्याला मान्य झालें. हात मात्र उठेना. पाहुण्यांना पालघरची शेवटची गाडी गांठावयाची होती. आम्हीं त्याची मूठ आपल्या मुठींत धरली आणि दाबली. सुरी मोत्याच्या पाठीवरून आरपार गेली. टाळ्या झाल्या, छायाचित्रें निघालीं. बंडू रडला नाहीं. त्यानें दोन्ही हात पाठीमागें धरले आणि केकचा एक घांसहि खाल्ला नाहीं. रात्रीं झोंपाळ्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला आणि बऱ्याच वेळानें म्हणाला, “मोठे आजोबा, नुसती साखरच होती, तर आईनें तिला डोळे कशाला काढले?”

हाच तो प्रश्न.

पहिलें उत्तर आम्हीं मनाशीं असें तयार केलें कीं दोष डोळ्यांचा आहे, आणि तो दोष परका आहे. आपल्या स्वयंपाकघरास आकाराचें वेड कांहीं कमी नाहीं. मोदकाच्या चुण्या, करंजीची मुरड, चिरोट्याचे पदर, पाडव्याची साखरेची गांठी, तान्ह्या मुलाच्या बोरन्हाणांतला हलव्याचा मुकुट आणि हार, हें सर्व शिल्पच आहे. रुखवत हें तर मुळांत वराकडे न्यावयाचें खाद्य. त्याचें पुढें प्रदर्शन झालें, आणि आज तेथें मांडलेलें वृंदावन वा पाळणा कोणी तोंडांत घालील असें करणारीलाहि वाटत नाहीं. परंतु यांत कोठें डोळे आहेत? डोळे आपण मातीला देतों, आणि ती माती पाण्यांत जाते, पोटांत जात नाहीं. खावयाच्या वस्तूस मुख देऊं नये, असा जणुं एक अलिखित नियम आपल्या घरांनीं पाळला आहे.

हें उत्तर आम्हांला फार आवडलें होतें. दुर्दैवानें तें खरें नाहीं. दिवाळीच्या बाजारांत लांकडी सांच्यांतून काढलेलीं साखरेचीं चित्रें मिळत, त्यांत हत्ती असत, घोडे असत. आमच्या वांट्यास घोडा आला तर आम्ही शेपटीपासून सुरुवात करीत असूं व तोंड शेवटीं ठेवीत असूं; तेंहि दयेमुळें नव्हे, तर मोठा भाग शेवटीं खावा या हिशेबानें. त्या घोड्यासहि डोळे होतेच. एकाहि मुलास त्याची कींव आल्याचें स्मरत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत वसईकडील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळास व ईस्टरास मार्झिपानचे आकार सांच्यांतून काढतात. तीं मुलें ते आनंदानें फस्त करितात. तेव्हां खाद्यास आकार दिला, किंवा डोळेहि दिले, एवढ्यानें कोणाचें मन दुखावत नाहीं. बाजारांतला घोडा हा कोणताहि घोडा होता. बंडूचा कुत्रा हा मोत्या होता. त्याला नांव होतें, आणि डावा कान मोडलेला होता.

पश्चिमेकडे पाहिलें तरी हाच फरक दिसतो. ऊंस आपल्या देशांतून गेला, ‘खंड’ या आपल्याच शब्दापासून इंग्रजांची ‘कँडी’ झाली, आणि साखर दुर्मिळ होती तोंवर युरोपांतील राजेलोकांनीं तिच्या मूर्ति करून ऐश्वर्य मिरविलें. १५७४ सालीं फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला असतां त्याच्या मेजवानींत हात पुसण्याचे रुमालसुद्धां साखरेचे होते. राजानें एक उचलला तेव्हां तो हातांत मोडला. पुढें १८३३ सालीं वारलेला कारेम नांवाचा प्रसिद्ध आचारी पॅरिसच्या ग्रंथालयांत बसून जुन्या इमारतींचीं चित्रें अभ्यासी व तीं मंदिरें आणि भग्न मनोरे साखर-पिठाचे रचून सरदारांच्या मेजावर मांडी. हीं साखरेचीं नवलें होतीं. त्यांवर कोणाची माया नव्हती. आजच्या अमेरिकेनें याच्याहि पुढें पाऊल टाकलें आहे. २०२२ सालापासून तेथें एक लोकप्रिय दूरचित्र-कार्यक्रम आहे, त्याचें नांवच मुळीं ‘हा केक आहे काय?’ या अर्थाचें आहे. चार-पांच वस्तु मांडून ठेवतात, जोडा, पिशवी, कांहींहि. त्यांतली एक फाँडंटनें मढविलेला केक असते. परीक्षकांनीं दुरून ओळखावयाचें, आणि मग सुरी चालवून निकाल लावावयाचा. तेथें सुरी हीच सत्याची कसोटी आहे.

आम्हीं माहीमच्या ओटीवर याहून वेगळें काय केलें? ही साखर आहे हें आमचें विधान. सुरी हा आमचा पुरावा. पुरावा निर्णायक होता, यांत शंका नाहीं. आंत पाठीचा कणा निघाला नाहीं, एक काडी निघाली.

परंतु बंडूला पुरावा नकोच होता. साखर आहे हें त्यानें सुरी चालण्यापूर्वींच कबूल केलें होतें. आमच्या सर्व युक्तिवादाचा रोख जें त्याला ठाऊक होतें तें त्याला शिकविण्याकडे होता. शिक्षकांच्या हातून हा प्रमाद नेहमीं होतो, त्याचें विशेष नाहीं. विशेष हें कीं ‘साखर आहे’ व ‘मोत्याला लागेल’ हीं दोन्ही वाक्यें तो मुलगा एकाच वेळीं खरीं मानीत होता, आणि हा विरोध आम्हीं त्याच्या बालबुद्धीच्या खातीं टाकून मोकळे झालों. येथें आम्हांला एक जुनी कथा आठवते. सोमदेवसूरीनें इ. स. ९५९ मध्यें पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ या चंपूंत ती आहे, आणि जैन वाङ्मयांत तिचीं अनेक रूपें झालीं आहेत. यशोधर राजास त्याची आई अरिष्टशांतीसाठीं पशुबळी देण्यास सांगते. राजा अहिंसेस जपणारा. तो नकार देतो. अखेर तडजोड होते: खरा प्राणी मारावयाचा नाहीं, पिठाचा कोंबडा करून देवीपुढें कापावयाचा. तसें होतें. रक्ताचा थेंब सांडत नाहीं. तरी कथाकार दोघां मायलेंकांना सोडीत नाहीं. पुढच्या जन्मीं राजा मोर होतो, आई कुत्रा होते, आणि मारण्या-मरण्याचा फेरा जन्मोजन्म चालूं राहतो. कां? पीठ कापलें म्हणून नव्हे. कापतांना मनांत कोंबडा मारावयाचा संकल्प होता म्हणून.

ही कथा प्रथम वाचली तेव्हां ती आम्हांला अतिशयोक्तीची वाटली होती. पिठाच्या गोळ्यासाठीं इतकी शिक्षा! आज वाटतें, कथाकारानें हिंसेचा हिशेब वस्तूपाशीं न मांडतां करणाराच्या मनापाशीं मांडला, यांत मोठें मर्म आहे. याच मापानें आमच्या ओटीवरील प्रसंग मोजला तर काय दिसतें? आमच्या मनांत साखर होती, म्हणून आम्ही मोकळे. पाहुण्यांच्या मनांत चहा व गाडीची वेळ होती, तेहि मोकळे. मोत्याच्या अंगावर तर ओरखडाहि नव्हता. राहिला बंडू. त्या घटकेला मोत्या होता तो त्याच्या मनांत, आणि सुरी होती त्याच्या हातांत. ज्यानें नको म्हटलें त्याच्याच हातून आम्हीं तें करविलें. यशोधराच्या आईनें निदान मुलाची मूठ धरली नव्हती.

कोणी म्हणेल, हें फार झालें. मुलांच्या अशा हळव्या कल्पना वेळींच मोडल्या पाहिजेत, नाहींतर पुढें व्यवहार कसा होणार? कांटसारखा कठोर तत्त्वज्ञ भावनेच्या आहारीं जाणारा खास नव्हता. मुक्या प्राण्यांविषयीं आपलें प्रत्यक्ष कर्तव्य कांहीं नाहीं असेंच त्याचें मत. परंतु जो प्राण्यांशीं निष्ठुरपणें वागतो त्याचें मन माणसांविषयींहि निबर होतें, म्हणून तसें वागूं नये, असें तो शिकवी. आपल्या व्याख्यानांत तो लाइब्निट्सची गोष्ट सांगे: त्या पंडितानें एक किडा पाहण्यासाठीं उचलला, आणि पाहून झाल्यावर जपून पुन्हां पानावर ठेवला. किड्याला कळलें नसेल; पण माणसाच्या हाताला वळण लागतें. हातांचें हें वळण आमच्या घरांतहि आहे. वाढदिवसापूर्वीं चारच दिवस नागपंचमी झाली होती. त्या दिवशीं आमच्या भावजयीनें विळीला हात लावूं दिला नव्हता. चिरणें नाहीं, तळणें नाहीं, जमीन खणणें नाहीं. बंडूनें आजीला कारण विचारलें होतें व तिनें सांगितलें होतें, “नागाला लागेल.” विळी स्वयंपाकघरांत, नाग कोठें तरी बांधावर, पण तेथें कोणी हंसलें नव्हतें. चार दिवसांनीं मुलानें तेंच वाक्य, एक शब्द बदलून, म्हटलें आणि सारें घर हंसलें. महाभारतांत अश्वत्थामा पीठ कालविलेलें पाणी पिऊन दूध प्यालों म्हणून नाचूं लागला, तेव्हां भोंवतालचीं मुलें हंसलीं. द्रोण हंसला नाहीं.

आणि मग दुसरी गोष्ट ध्यानांत आली, जी आम्हांला पहिलीहून अधिक लागली. सकाळपासून सायंकाळपर्यंत आम्ही सर्व जाणतीं माणसें त्या साखरेला मोत्या म्हणत होतों. मुलाच्या आनंदांत आम्हांला वांटा हवा होता तोंवर तो मोत्या होता. सुरी हातीं घेण्याची वेळ येतांच तीच वस्तु ‘नुसती साखर’ झाली. मधल्या वेळांत साखरेंत कांहींच पालटलें नव्हतें. आमची सोय पालटली होती. मुलानें एक शब्द दिवसभर खरा धरला, आणि आम्हीं तो एका क्षणांत परत घेतला. डोळे कशाला काढले या त्याच्या प्रश्नाचा अर्थ, आम्ही आतां समजतों त्याप्रमाणें, असा आहे कीं साखरच म्हणावयाचें होतें तर तुम्हीं आधीं मला मोत्या कां म्हणूं दिलें?

वाचक म्हणतील, पण मूर्ति मोडण्याचा प्रसंग आपल्याकडे दरवर्षीं येतो. गणपति काय आपण शाडूचा आणून, डोळे भरून पाहून, आरत्या म्हणून, दीड दिवसांनीं बुडवीत नाहीं? बुडवितों, आणि तेथेंच हा फरक स्पष्ट होतो. विसर्जनाच्या आधीं उत्तरपूजा असते. अक्षता वाहून देवास निरोप देतात, मूर्ति जागची किंचित् हालवितात, हातावर दहीं घालतात. मूर्ति कोणत्या क्षणापर्यंत देव होती आणि कोणत्या क्षणापासून पुन्हां माती झाली, हें घरांतल्या लहान मुलालाहि उघड्या डोळ्यांनीं पाहतां येतें. रडणारीं मुलें तेथेंहि रडतात, पण आपणांस फसविलें असें त्यांना वाटत नाहीं. या विधींत कोणास अंधश्रद्धा दिसेल तर दिसो. दिलेला शब्द चारचौघांसमोर, रीतीनें, परत घेण्याची एक सभ्य पद्धति म्हणून तरी तिच्याकडे पाहावें. साखरेच्या मोत्यासाठीं मंत्र म्हणा असें आमचें म्हणणें नाहीं. पण ‘आतां मोत्याला उतरवूं या, मग कापूं’ एवढे शब्द कोणास सुचले असते तर पुरले असते.

हें आम्हीं पुढच्या खेपेस सूनबाईजवळ बोलून दाखविलें. ती ऐकून घेऊन म्हणाली, “मोठे काका, तो उतरायचाच होता.” तिनें दाखविलें तेव्हां आम्हांला कळलें. मोत्या केकमध्यें रुतविलेला नव्हता. फाँडंटच्याच एका सुटया चकतीवर उभा केलेला होता, आणि ती चकती नुसत्या बोटानें उचलून बाजूला ठेवतां आली असती. या कामांत तशीच रीत आहे: आंत काड्या असतात, त्या मुलांच्या तोंडांत जाऊं नयेत म्हणून मूर्ति आधीं काढून घेतात व मग केक कापतात. तिला तें सांगावयाचें होतें. पण वडील माणसानें मूठ धरल्यावर मध्यें कसें बोलावें, म्हणून ती थांबली. नीतीचा जो विवेक आम्ही यशोधरापासून कांटपर्यंत शोधीत फिरलों, तो त्या दिवशीं सुपारीएवढ्या एका चकतीच्या रूपानें टेबलावर मांडलेलाच होता. आम्हीं तीसुद्धां कापली.

“पण तुला वाईट नाहीं वाटलें?” आम्हीं विचारलें. “दोन रात्रींचें काम.” ती म्हणाली कीं कामाचें वाईट वाटून घेऊं लागलें तर हा धंदा करतां येणार नाहीं. लोक वरचें फाँडंट बहुधा सोलून बशीच्या कडेला ठेवतात. गोड फार असतें, तोंडांत चिकटतें. ज्यासाठीं जागावें तें उष्ट्यांत जातें आणि अर्ध्या तासांत होणारा आंतला केक लोक वाखाणतात. अन्न टाकूं नये अशा वळणांत आमची पिढी वाढली. त्या बशा पाहून आम्हांला चैन पडत नाहीं, आणि जें खाण्यासाठीं नाहीं त्याला खाद्य तरी कां म्हणावें, हा वाद आम्ही तिच्याशीं घालूं शकलों असतों. घातला नाहीं. त्या दिवशीं आमचा वाद घालण्याचा अधिकार थोडा पातळ झाला होता.

मग तिनें एक पत्र्याचा डबा आणून उघडला. त्यांत मागच्या तीन वर्षांतल्या, न कापतां उतरवून ठेवलेल्या मूर्ति होत्या. एक परी होती. तिचे पंख एकमेकांस चिकटले होते. एका हत्तीचा रंग खालच्या कापसांत उतरला होता. एका नवरदेवाचें नाक पावसाळ्यानें नेलें होतें. ठेवून तरी काय मिळतें, असें तिला म्हणावयाचें असावें. डब्याच्या कोपऱ्यांत कागदांत गुंडाळलेला मोत्या होता. दोन तुकडे पाण्याच्या बोटानें ओलावून तिनें त्याच रात्रीं जोडले होते. साखर साखरेला पाण्यानें सांधते. पाठीवर सांधा दिसत होता. डोळे शाबूत होते. बंडूला तिनें तो दाखविला काय, हें आम्हीं विचारलें. दाखविला, म्हणाली, त्यानें पाहिला, आणि मोत्या कोठें आहे म्हणून हांका मारीत वाडींत निघून गेला.

श्रावण आतां चार महिन्यांवर आला आहे. परवां बंडूचा दूरध्वनि आला होता. यंदाच्या केकवर काय हवें हें त्यानें आत्तांच ठरवून टाकलें आहे. केळ हवी आहे. घडासकट, फुलासकट, उभी केळ. वाघ नको कां, घोडा नको कां, असें आम्हीं विचारून पाहिलें. तो म्हणाला, “नको. केळ कापतातच. घड उतरला कीं आजोबा कापतात.”